'थांग'चा थांग

'कर' हा एवढासा शब्द घ्या. घरपट्टीचा कर भरायचा असतो, "अभ्यास कर" म्हणून आई मागे लागलेली असते, निमंत्रणपत्रिकेत पाहुण्यांच्या करकमलांनी उद्घाटन होतं, आणि उद्घाटनाला जमलेले निम्मे लोक सांगलीकर तर निम्मे सातारकर असतात. चार 'कर', चार अर्थ, लिहायला मात्र एकच. तरी आपण कुठे अडखळत नाही, कारण 'कर' आपल्याला कधी एकटा भेटलेलाच नसतो. तो कायम कुणाच्या तरी सोबतीनं येतो.

असा न अडखळणारा मराठी माणूस चिनी शिकायला बसला की पहिल्या महिन्यात वही मिटून ठेवतो. शब्दकोशात 'थांग' काढावा तर साखर, सूप, दिवाणखाना, तळं, पोळणं, आडवं होणं, खेप, असं काय वाटेल ते समोर येतं. "सर, या थांगचा थांग लागत नाही," असं एका विद्यार्थ्यानं मला वहीच्या समासात लिहून दिलं होतं. हा लेख त्याच्यासाठी, आणि सातारा-सांगलीकडच्या त्या सगळ्यांसाठी, ज्यांनी परीक्षेकरता, व्यापाराकरता किंवा कारखान्यात आलेल्या चिनी यंत्रावरच्या सूचना वाचता याव्यात म्हणून ही भाषा धरली आहे.

माझं म्हणणं एवढंच की अर्थांच्या याद्या पाठ करू नका. एक उच्चार धरा, त्याची घरं हिंडा, आणि प्रत्येक घरात कोण कुणासोबत राहतं ते बघा. चिनी भाषेत सूर बाजूला ठेवले तर उच्चार सुमारे ४००च आहेत. नेहमीच्या वापरातली अक्षरं मात्र साडेतीन हजारांच्या घरात जातात. तेव्हा एका उच्चाराखाली गर्दी होणारच. ती टाळता येत नाही, ओळखीची करून घेता येते.

आधी तोंड तयार करायला हवं, आणि इथे मराठी माणसाचं पारडं जड आहे. चिनी उच्चार रोमन लिपीत लिहायची 'पिनयिन' ही पद्धत १९५८ साली चीनमध्ये अधिकृत झाली. तिच्यातला 'टी' दिसला की आपण शाळेतल्या इंग्रजीच्या सवयीनं 'ट' म्हणतो. तो 'थ' आहे. 'डी' म्हणजे 'त', 'पी' म्हणजे 'फळ'मधला खरा 'फ', 'बी' म्हणजे 'प', 'के' म्हणजे 'ख' आणि 'जी' म्हणजे 'क'. त-थ, प-फ, क-ख हा फरक इंग्रजाला महिनोन्महिने घोटावा लागतो. आपण तो बालवाडीत शिकून आलो आहोत. 'झेड'चा उच्चार तर जवळपास आपल्या 'चूल', 'चोर', 'चमचा' यांतला 'च', आणि रोमन 'जे'चा 'चिमणी'तला. हे दोन 'च' आपण रोज बोलतो. म्हणून माझा आग्रह असा की पिनयिन वाचा, पण बाजूला देवनागरीत आपला उच्चार लिहून ठेवा. शेवटच्या 'ंग'ची तेवढी काळजी घ्या. 'सांगली' म्हणताना जीभ 'ग'पाशी आपटते, तिच्या अलीकडे, आवाज नाकात असतानाच थांबायचं.

मग सूर. ते चार आहेत आणि चारही आपल्या घरात आहेत. डॉक्टर घसा बघताना "आऽऽ करा" म्हणतात, तेव्हा आवाज वर एका पातळीवर धरलेला असतो, तो पहिला. फोनवर काही भलतंच ऐकून आपण "हं?" करतो, तो चढता, दुसरा. मनाविरुद्ध, खालच्या आवाजात ओढलेला "हंऽ" तिसरा. आणि "हं! बास!" असं तोडून टाकणारा चौथा. या लेखात मी उच्चारापुढे सुराचा आकडा टाकतो आहे: थांग-१, थांग-२ असा. तुम्हीही वहीत तसाच टाका. आकड्याशिवाय लिहिलेला चिनी शब्द म्हणजे पिनकोडशिवाय टाकलेलं पत्र; पोचलं तर नशीब.

सुरुवातीला हाताशी असलेलंच पीक घेऊ. साताऱ्याच्या रानात आलं भरपूर होतं आणि सांगलीची हळद तर २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळवून बसली आहे. चिनीत आल्याला च्यांग-१ म्हणतात. हळदीला? च्यांग-१ हुआंग-२. हुआंग म्हणजे पिवळा. पिवळं आलं! हळद आणि आलं एकाच कुळातले, हे वनस्पतिशास्त्र शिकलेल्याला माहीत असतं. चिनी माणसाला ते बाजारातच कळतं. आता हाच च्यांग-१, त्याच सुरात, नदीलाही म्हणतात, विशेषतः दक्षिण चीनमधल्या मोठ्या नद्यांना. कृष्णा महाबळेश्वराहून निघून या दोन्ही जिल्ह्यांतून जाते, म्हणून आल्या-हळदीच्या पानावर नदीही बसवायचा मोह होईल. बसवा, पण वेगळ्या चौकटीत. नदीच्या अक्षरात डाव्या बाजूला पाण्याचे तीन थेंब असतात. आल्याच्या अक्षरात वर मेंढीच्या शिंगांसारखा भाग आणि खाली 'स्त्री' हे अक्षर असतं. कानाला एकच, डोळ्याला दोन. (भारतातल्या नद्यांना चिनी लोक सहसा च्यांग म्हणत नाहीत, गंगेचंही नाव वेगळ्या शब्दानं संपतं. तेव्हा कृष्णेला च्यांग लावू नका, तो फक्त आठवणीचा धागा.) सूर बदलला की आणखी घरं उघडतात: च्यांग-३ म्हणजे बोलणं, समजावून सांगणं, च्यांग-४ म्हणजे घट्ट चटणीसारखा सॉस.

इथे एक गोष्ट ध्यानात आली असेल. देवनागरी चारही 'कर' एकसारखे लिहिते आणि अर्थाचं ओझं वाचणाऱ्यावर टाकते. चिनी लिपी ते ओझं स्वतः घेते. लोक चिनी अक्षरांना घाबरतात, मला मात्र ती मदतनीस वाटतात. गोंधळ उच्चारात आहे. अक्षर तो सोडवतं.

आता थांग. वाळवा तालुक्यात साखराळे नावाचं गाव आहे आणि तिथे राजारामबापू पाटील सहकारी साखर कारखाना आहे. कराडजवळ रेठरे बुद्रुकला कृष्णा कारखाना. हंगामात त्या रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्यांमागे अडकला नाही असा माणूस आपल्याकडे विरळा. त्यामुळे थांग-२, म्हणजे साखर, हे आपलं पहिलं घर. पांढरी साखर पाय-२ थांग-२. पाय म्हणजे पांढरा. पिंग-१ थांग-२ म्हणजे बर्फ-साखर, आपली खडीसाखर. षा-१ थांग-२ म्हणजे वाळू-साखर, दाणेदार. हुंग-२ थांग-२ म्हणजे तांबडी साखर. ही आपल्या गुळाची सर्वांत जवळची चिनी नातेवाईक, ढेपेत नाही तर बहुधा भुग्यात किंवा वड्यांत मिळते. तिकडे थंडीत आणि पाळीच्या दिवसांत बायकांना ही तांबडी साखर आणि आलं घालून गरम पेय देतात. त्याचं नाव आता तुम्हीच जोडू शकता: हुंग-थांग-च्यांग-छा. छा-२ म्हणजे चहा. तो शब्द तर तिकडूनच आपल्याकडे आला.

पुढे हे घर फार मजेदार होतं. कापूस-साखर म्हणजे म्येन-२ हुआ-१ थांग-२: जत्रेतला म्हातारीचा कापूस. आपण म्हातारी घातली, त्यांनी साखर ठेवली, कापूस दोघांचाही. लग्नाच्या आनंदात वाटायच्या गोळ्या म्हणजे शी-३ थांग-२, आनंद-साखर. आपल्याकडे लग्न ठरल्याचा साखरपुडा असतो. रक्तातली साखर श्युए-४ थांग-२. आणि मधुमेह? थांग-२ न्याओ-४ पिंग-४: साखर-लघवी-आजार. ऐकायला ओबडधोबड वाटतं, पण आपला 'मधुमेह' तरी काय? मध अधिक मेह, म्हणजे लघवीच. दोन्ही भाषांनी एकच लक्षण पाहिलं. आपण संस्कृतमध्ये बोललो म्हणून ते सभ्य वाटतं. जाता जाता पिंगकडे लक्ष द्या: खडीसाखरेतला पिंग-१ बर्फाचा, मधुमेहातला पिंग-४ आजाराचा.

आणि सांगलीकरांसाठी खास: ग्लुकोजला फू-२ थाओ थांग-२ म्हणतात. फूथाओ म्हणजे द्राक्ष. द्राक्ष-साखर! तासगावची द्राक्षं आणि वाळव्याचा ऊस एका शब्दात. या फूथाओची एक अट आहे, तो फोडायचा नाही. त्यातली दोन्ही अक्षरं डोक्यावर गवत घेऊन बसलेली असतात आणि वेगवेगळी केली तर द्राक्षाचा अर्थ कुठेच उरत नाही. द्राक्ष चीनमध्ये मध्य आशियाकडून गेलं, नावही बाहेरचंच. असे जोडशब्द भेटले की उच्चाराच्या कुटुंबात कोंबू नका, सरळ एक दगड म्हणून उचला. बेदाण्याला मात्र फूथाओ-कान-१ म्हणतात, कान म्हणजे कोरडा. आणि उसाला कान-१ चअ. हा कान-१ वेगळा, त्याचा अर्थ गोड. सांगली जिल्ह्याची दोन पिकं, दोघांतही कान, सूरही एकच; एक वाळलेलं, एक गोड. बेदाणे गोडही असतात, त्यामुळे इथे अंदाज हमखास चुकतो.

दुसरं घर. शाळा-कारखान्यातल्या जेवणघराला श-२ थांग-२ म्हणतात. थांग-२ आला म्हणून विद्यार्थी लगेच "मिठाईचं दुकान" म्हणतात. तसं नाही. हा थांग म्हणजे मोठी खोली, सभागृह. वर्गाला ख-४ थांग-२, चर्चला च्याओ-४ थांग-२. उच्चार, सूर सगळं साखरेसारखंच, अक्षर निराळं. आपल्याकडे 'खाना' जसा दवाखाना, छापखाना, कारखाना यांना जागा देतो, तसा हा थांग. आणि आपल्या खान्यातही घोटाळा आहेच की. खाना म्हणजे जेवण असं हिंदीच्या नादानं समजणारा दवाखान्यात औषध खायला जाईल.

तिसरं घर दुष्काळी तालुक्यांचं. आटपाडी-जतकडे शेततळी झाली आहेत. तळ्यालाही थांग-२ म्हणतात. माशांचं तळं यू-२ थांग-२. हे अक्षर नीट पाहिलं तर चिनी लिपीची किल्ली हाती येते. साखरेचं अक्षर: डावीकडे तांदळाचा दाणा, उजवीकडे 'थांग' हे जुनं अक्षर. तळ्याचं अक्षर: डावीकडे माती, उजवीकडे तोच 'थांग'. उजवा भाग सांगतो की मला थांग म्हणा, डावा भाग सांगतो की मी कशातला आहे. साखरेत दाणा का, तर उसाच्या साखरेआधी तिकडे गोडी येई ती मोड आणलेल्या धान्यातून.

हा उजवीकडचा थांग म्हणजे थांग राजवंशाचं नावही, ६१८ ते ९०७ या काळातलं. परदेशातल्या चिनी वस्तीला आजही थांग-लोकांचा रस्ता म्हणतात. याच वंशाच्या थायत्सुंग सम्राटानं ७व्या शतकात मगधात माणसं पाठवून उसाच्या रसापासून साखर करायची रीत शिकून घेतली, अशी नोंद त्या राजवटीच्या इतिहासात आहे. चिनी यात्रेकरू ह्युएन त्संग महाराष्ट्रात चालुक्य राजा पुलकेशीच्या राज्यातून फिरून ६४५ साली परतला, तो याच सम्राटाच्या राजधानीत. म्हणजे विद्या इथून तिकडे गेली, आणि हिंदीत साखरेचं नाव मात्र पडलं चीनी! संस्कृतचे चिनी पंडित ची श्येनलिन (१९११–२००९) यांनी उसाच्या साखरेचा मोठा इतिहास लिहिला, या 'चीनी' शब्दाचाही माग काढला. मराठीनं शर्करेची साखर केली आणि त्या भानगडीत पडली नाही.

पण सावध. थांग वंशाच्या काळात साखर आली म्हणून साखरेला थांग म्हणतात, असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि विसरा. सहा गल्ल्यांची म्हणून सांगली, हे जसं आपण ऐकून घेतो, त्याच जातीचं ते. अक्षरातला उजवा भाग नुसता आवाज देतो. सांगली जिल्ह्यातले सगळे पाटील एकमेकांचे भाऊबंद नसतात. पुष्कळसे नुसते आडनावबंधू. साखर, खडीसाखर, रक्तातली साखर हे भाऊबंद. साखर, तळं आणि राजवंश हे आडनावबंधू. वहीत ही दोन नाती वेगळ्या शाईनं लिहा. अर्थाचं नातं एका रंगात, आवाजाचं दुसऱ्या. माझ्या अनुभवात ही एक सवय लागली की निम्मा गोंधळ मिटतो.

सूर बदलला की काय होतं, ते मी हॉटेलात शिकलो. चहाला साखर हवी होती. थांग म्हणालो, पण संकोचानं आवाज चढवलाच नाही, सपाट ठेवला. वाढणाऱ्यानं वाडगाभर सूप आणून ठेवलं. थांग-१ म्हणजे सूप. चूक माझी होती, म्हणून निमूट प्यायलो. त्या सुपाच्या अक्षरात डावीकडे तेच पाण्याचे तीन थेंब, नदीतले. त्याच सुपाच्या अक्षराखाली 'आग' काढली की होतो थांग-४: पोळणारं, चटका देणारं. सूप आगीवर, म्हणजे भाजणारच. हे अक्षर एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. थांग-३ म्हणजे आडवं होणं, अक्षरात डावीकडे 'शरीर'. आणखी एक थांग-४ आहे, त्यात डावीकडे 'चालणं': खेप, फेरी. इस्लामपूरला एक खेप मारून आलो, त्यातली खेप.

आता वहीबद्दल. लांब फुलस्केप वही घ्या, एका उच्चाराला एक पान. पानाचे चार खण पाडा, सुरांचे. प्रत्येक अक्षराला खणात स्वतंत्र चौकट, आणि चौकटीत सुटं अक्षर कधीच नाही, जोडीनंच. 'थांग-२: साखर' असं लिहिलंत तर ते महिनाभरात उडून जाईल. 'पाय-थांग: किराणा दुकानातली' असं लिहा. शक्य तिथे उदाहरण स्वतःच्या घरातलं, शेतातलं घ्या. पेढा, पेव, ट्रॉली, काहिली, काय वाटेल ते. दिवसाला तीन शब्दांपेक्षा जास्त भरू नका. पान भरायची घाई झाली की ती पुन्हा यादीच होते. नवा शब्द भेटला तर त्याला थेट पानावर घेण्याआधी विचारा की तुझा सूर कोणता, तुझ्या डावीकडे काय आहे, आणि तू कुणाबरोबर आलास. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर नसेल तर त्याला दारातच थांबवा.

फोनवर पिनयिनचा कळफलक टाकून घ्या. हा सर्वांत स्वस्त गुरू. नुसतं 'थांग' टाइप केलंत की वर अक्षरांची रांगच्या रांग येते आणि आपण पुन्हा हरवतो. पण 'पायथांग' सलग टाइप करा, बहुतेक वेळा पांढरी साखर आपोआप पहिली उभी राहते. यंत्रालाही सोबत लागते, 'कर'सारखीच. रोज झोपण्यापूर्वी पाच जोड्या टाइप करायच्या आणि पुढे आलेलं अक्षर बरोबर आहे का, ते वहीशी ताडून बघायचं.

एक पान 'हुआ'चं करा. हुआ-१ म्हणजे फूल. म्हातारीच्या कापसातला 'हुआ' तोच, आणि कास पठारावर पावसाळा सरताना दिसतो तोही. हुआ-४ म्हणजे बोलणं. वीज अधिक बोलणं, त्येन-४ हुआ-४, म्हणजे टेलिफोन. दुसऱ्या एका अक्षरात हुआ-४ म्हणजे चित्र. आणि हुआ-२ म्हणजे चीन. १९३८ साली भारतातून जे पाच डॉक्टरांचं वैद्यकीय पथक चीनला गेलं, त्या पाचही जणांच्या चिनी नावांच्या शेवटी हा हुआ-२ आहे. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस तिकडे ख-१ ति-४ हुआ-२ झाले, आणि त्याच नावानं ९ डिसेंबर १९४२ ला तिथेच गेले. या चौकटीला वेगळं उदाहरण शोधायची गरज पडत नाही.

च्यांग, थांग, हुआ ही तीन पानं भरली की चौथं स्वतः निवडा. सुचत नसेल तर हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे अडकाल तेव्हा पुढच्या चिमणीकडे बघून मनात म्हणा: थांग-२ छांग-३, साखर कारखाना. छांग-३ म्हणजे कारखाना. छांग-४ म्हणजे गाणं म्हणणं. छांग-२ म्हणजे लांब. आणि त्याच्यापुढे पहिल्या पानावरचा नदीचा च्यांग-१ ठेवलात की छांगच्यांग, लांब नदी, ज्या नदीला आपल्या भूगोलाच्या पुस्तकात यांगत्से म्हणतात.